भिलारला जायचं तर मुक्काम धरूनच

पाचगणी-महाबळेश्वरच्या सहलीत मधला दीड तास भिलार या ‘पुस्तकांच्या गावा’ला देणाऱ्यांचा बहुतेक वेळा हिरमोड होतो. भिंतीवरच्या चित्रांपुढे फोटो, दोन-तीन घरांत डोकावणं, एक पेटी स्ट्रॉबेरी आणि परतताना गाडीत ‘कपाटंच तर होती’ असा निकाल. उभ्या उभ्या पाहिलं तर खरंच कपाटंच दिसतात, त्यामुळे त्या निकालाशी भांडता येत नाही. पुस्तकांचं गाव ही बसून वापरायची सोय आहे. तशी वापरली तर मराठी वाचकाला डोंगरात इतकी चांगली जागा दुसरी सापडणं अवघड. त्यासाठी निदान एक रात्र हाताशी हवी.

आधी मूळ माहिती. महाबळेश्वर तालुक्यातलं हे गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून खुलं झालं. राज्याचा मराठी भाषा विभाग आणि राज्य मराठी विकास संस्था यांचा हा प्रकल्प. स्वातंत्र्यसैनिक भि. दा. भिलारे गुरुजी याच गावचे, त्यामुळे सातारा जिल्ह्यात भिलारचं नाव त्याआधीही माहीत होतं. बाकी महाराष्ट्राला ते २०१७ नंतर कळलं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणं आणि पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं होती, पुढे दोन्ही वाढत गेली. ठिकाणं म्हणजे लोकांची राहती घरं, लॉज, देऊळ, शाळा. कपाटं, खुर्च्या, टेबलं, अंगणातल्या छत्र्या सरकारने दिल्या. जागा गावकऱ्यांची: कुठे ओसरी, कुठे दिवाणखाना, कुठे रस्त्यालगतची खोली. प्रत्येक ठिकाणाला एकेक साहित्यप्रकार वाटून दिला आहे. कादंबरी, कथा, कविता, संतसाहित्य, चरित्र-आत्मचरित्र, इतिहास, बालसाहित्य, दिवाळी अंक, आणि दारावर तशी पाटी. वाचायला पैसे पडत नाहीत. पुस्तक विकत मिळत नाही. गावाबाहेर नेता येत नाही. एवढं आधी माहीत असलं की निम्मे गैरसमज घरीच मिटतात.

विकत मिळत नाही हे मुद्दाम सांगायचं, कारण कल्पना जिथून आली त्या वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावाची सगळी मदारच विक्रीवर आहे. इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर, वाय नदीकाठी वसलेल्या या छोट्या गावात रिचर्ड बूथ नावाच्या गृहस्थांनी १९६०च्या दशकात जुन्या पुस्तकांची दुकानं थाटायला सुरुवात केली. १ एप्रिल १९७७ला तर त्यांनी हे गावच स्वतंत्र राज्य जाहीर केलं आणि स्वतः राजे झाले. तारीख बघता थट्टा उघड होती, पण त्या थट्टेने गावाचं नाव जगभर झालं. १९८८पासून तिथे साहित्य महोत्सव भरतो. किल्ल्याच्या आवारात उघड्यावर फळ्या लावून पुस्तकं ठेवलेली असतात. हवं ते घ्यायचं आणि पैसे पेटीत टाकायचे. तिथला पुस्तकवेडा रिकामी बॅग घेऊन जातो आणि भरून आणतो. भिलारला रिकामी बॅग नेली तर ती रिकामीच परत येते, फार तर जॅमच्या बाटल्या भरतील. भिलारचं नातं दुकानाशी कमी आणि आपल्याकडच्या सार्वजनिक वाचनालयाशी जास्त आहे. फरक इतकाच की हे वाचनालय घराघरांत पांगलेलं आहे, त्याला वर्गणी नाही आणि खिडकीबाहेर स्ट्रॉबेरीचे वाफे आहेत.

आता वेळेचा हिशेब. साधारण वाचक मराठी गद्याची तासाला पस्तीस-चाळीस पानं वाचतो. म्हणजे दोनशे पानांची कादंबरी पाच-सहा तासांची. पुण्याहून सकाळी सातला निघून नाश्त्याला थांबत साडेदहाला पोचलात आणि चारला परत निघालात, तर हातात साडेपाच तास. त्यातून जेवण, घरं शोधणं आणि कुठे बसायचं ते ठरवणं वजा केलं तर जेमतेम साडेतीन उरतात. यात कादंबरी संपत नाही, आणि पुस्तक बरोबर नेता येत नसल्याने ती कायमची अर्धी राहते. एका दिवसात जाणाऱ्याने म्हणूनच कथा, कविता, ललित लेख, एकांकिका किंवा दिवाळी अंक धरावेत. कादंबरी किंवा चरित्र वाचायचं तर मुक्काम हवाच. घरून यादी करून नेणं चांगलं, पण ती चार-पाच पुस्तकांचीच असावी, आणि त्यांतलं निदान एक असं असावं जे आता छापून येत नाही. सहज विकत मिळणारं पुस्तक वाचायला शंभर-दोनशे किलोमीटर जाण्यात अर्थ नाही.

सगळी घरं बघायचा हट्ट सोडावा. घरं साधारण दोन किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेली आहेत, रस्त्याला चढ-उतार आहे, काही ठिकाणी पायऱ्या आहेत. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी गाडी एका टोकाला लावून चालत सुटण्यापेक्षा गाडीने ठरलेल्या घरापर्यंत जावं. सुरुवात प्रकल्पाच्या कार्यालयापासून करावी. कुठल्या प्रकाराचं घर कुठे, आज कुठलं बंद आहे, हे तिथे एका वाक्यात कळतं. एरवी पाट्या वाचत हिंडण्यात अर्धा तास सहज जातो. मग दोन, फार तर तीन घरं निवडून तिथेच बसावं.

ही राहती घरं आहेत, याचा विसर पडला की बिघडतं. चपला बाहेर, दारातून हाक, मग आत. ‘काकू, पुस्तकं बघू का?’ विचारलं की ‘या की, बसा निवांत’ असंच उत्तर येतं आणि बहुतेक वेळा पाठोपाठ पाण्याचा तांब्याही. दुपारी एक ते तीन घरात जेवणं आणि वामकुक्षी असते. त्या वेळेत नवं घर गाठण्याऐवजी सकाळपासून बसलात तिथेच बसून राहावं. हंगामात घरातली माणसं पहाटेपासून शेतावर असतात, मधल्या खोलीत फळांची प्रतवारी चालू असते, म्हणून एखाद्या दाराला कडी दिसली तर नाराज होऊ नये. शेजारी विचारावं किंवा पुढच्या घराला जावं. मोठ्या गटाने शिरणं मात्र सगळ्यांनाच जड जातं. वीस जण एका ओसरीवर आले की वाचणारा उठतो, आणि आलेले वीसही वाचत नाहीत. शाळेची किंवा ज्येष्ठ नागरिक संघाची सहल असेल तर पाच-सहा जणांचे गट करून वेगवेगळ्या घरांत पाठवणं हाच उपाय, आणि तसं आधी कळवलेलं बरं.

घरवार साहित्यप्रकार ही भिलारची सगळ्यात चांगली कल्पना आहे आणि सगळ्यात मोठी अडचणही. चांगली अशासाठी की एकाच प्रकारची शेकडो पुस्तकं एकत्र आली की न ठरवलेलं काहीतरी हाताला लागतं. आत्मचरित्रांच्या कपाटासमोर बसलं की नावाजलेल्या चार-पाच पुस्तकांपलीकडे एखाद्या शिक्षिकेचं, एखाद्या गिरणी कामगाराचं, एखाद्या तमाशा कलावंताचं पुस्तक दिसतं. पुस्तकांच्या दुकानात ती दर्शनी मांडलेली नसतात आणि ऑनलाइन शोधायची तर आधी नाव ठाऊक हवं. अडचण अशी की मराठीत एकाच लेखकाने पाच प्रकार हाताळणं ही सर्रास गोष्ट आहे. आवडत्या लेखकाची नाटकं एका घरात, प्रवासवर्णनं दुसऱ्या, विनोदी लेख तिसऱ्या आणि त्याच्यावर लिहिलेलं चरित्र चौथ्या घरात. लेखक धरून वाचणाऱ्याची त्यात पायपीट होते. शिवाय ललित कुठे संपतं आणि आत्मपर कुठे सुरू होतं याचा निवाडा ग्रंथपालांनाही जमलेला नाही. ऐतिहासिक कादंबरी इतिहासाच्या घरात सापडली नाही तर कादंबरीच्या घरात बघावं, आणि उलटही. लेखक धरून येणाऱ्याने हे सगळं कार्यालयातच विचारून घ्यावं. विषय किंवा प्रकार धरून येणाऱ्याला मात्र ही रचना फारच मानवते.

दिवाळी अंकांबद्दल थोडं जास्त, कारण एका दिवसाच्या वाचकासाठी तो सगळ्यात किफायतशीर प्रकार आहे. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली काढलेला अंक हा मराठीतला पहिला दिवाळी अंक मानला जातो, आणि तेव्हापासून मराठी कथेचा मोठा भाग आधी अंकात आणि मग पुस्तकात आला. काही कथा तर पुस्तकात कधी आल्याच नाहीत. जुना अंक हातात घेताना एक काळजी घ्यावी. स्वस्त कागदात लाकडातला लिग्निन शिल्लक असतो, त्यामुळे तो कागद उजेडाने आणि हवेने पिवळा पडतो, कडांना ठिसूळ होतो आणि कोपऱ्याला धरून उलटलं की कोपराच हातात येतो. पान वरच्या कडेच्या मध्यावर बोट ठेवून, खालून तळव्याचा आधार देत उलटावं. बांधणीच्या पिना गंजलेल्या असतील तर अंक पूर्ण पालथा उघडू नये. मधली चार पानं सुटतात आणि नेमकी तीच हरवतात. वाचताना अनुक्रमणिकेच्या आधी जाहिराती चाळाव्यात. कुठल्या बँका, कुठले साबण, कुठली रेडिओची दुकानं, यांतून अंकाचं साल न बघताच काळ कळतो.

गडकिल्ले आणि इतिहासाची पुस्तकं इथे वाचण्यात आणखी एक सोय आहे: पुस्तकातला भूगोल बाहेर पडला की समोर असतो. जावळीचं खोरं महाबळेश्वरच्या पश्चिमेला, प्रतापगड महाबळेश्वरपासून चोवीसेक किलोमीटरवर. १६५६ साली जावळी घेतल्याचं आणि १६५९च्या नोव्हेंबरात अफजलखान वाईहून जावळीत उतरल्याचं वर्णन दुपारी वाचावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंबेनळी घाटाच्या वाटेवरून ती उतरण पाहावी. एवढं सैन्य, हत्ती आणि तोफा घेऊन खानाने या रानात उतरायला नको होतं, हे कुठल्याही नकाशापेक्षा त्या रस्त्याच्या वळणांवर नीट कळतं. दुसऱ्या अंगाला, पाचगणीच्या कड्यावरून खाली कृष्णेचं खोरं, धोम धरणाचं पाणी आणि पलीकडे कमळगड, पांडवगड दिसतात. त्यासाठी हवा स्वच्छ हवी. हे दृश्य सकाळी नऊच्या आत बघावं, पुढे हवा धुरकट होते.

कधी जावं? डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि जानेवारी-फेब्रुवारीतले आठवड्याचे मधले दिवस. पहाटे पारा दहा-बारापर्यंत उतरतो, दुपारी अंगणात छत्रीखाली बसून वाचण्यासारखं ऊन असतं. नाताळचा आठवडा, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि एप्रिल-मेचे शनिवार-रविवार टाळावेत. गाव त्या मानाने शांत असतं, पण पसरणी घाट आणि पाचगणी-महाबळेश्वर रस्ता गाड्यांनी तुंबतो आणि साडेतीन तासांचा प्रवास सहा तासांवर जातो.

पावसाळ्याचं आकर्षण अनेकांना असतं. धुकं, कौलांवर पाऊस आणि हातात पुस्तक हे चित्र खोटं नाही, पण पुस्तकांच्या दृष्टीने हाच सगळ्यात वाईट काळ. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो; पूर्वेला सरकत जाल तसा तो झपाट्याने कमी होतो, तरी भिलारच्या हवेतला दमटपणा जून ते सप्टेंबर हटत नाही. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की कागदावर बुरशी धरते. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, जिथे खळ असते, तिथे ती आधी दिसते. पाठोपाठ कसर लागते, कारण तिलाही खळच आवडते. पुस्तकाला घातलेलं प्लास्टिकचं कव्हर बाहेरचं पाणी अडवतं पण आतला ओलावाही कोंडून ठेवतो, म्हणून कव्हर घातलेली पुस्तकं जास्त सुरक्षित असं समजू नये. काचेचं कपाट बंदच राहिलं तर तेच होतं. डांबरगोळ्या आणि वेखंड किडीला लांब ठेवतात, बुरशीला नाही. तिच्यावर उपाय म्हणजे उघडीप मिळाली की कपाटं उघडणं, पुस्तकं सैल रचणं आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं. पंचवीस-तीस घरांत हे रोज कोण करणार, हा या प्रकल्पापुढचा खरा प्रश्न आहे. उद्घाटनाच्या दिवशी दिसणारी पुस्तकसंख्या किती पावसाळे टिकते यावरच असं गाव जगतं. वाचकाच्या बाजूने एवढंच करता येतं की पावसात गेलात तर ओल्या हाताने, ओल्या रेनकोटसह कपाटापाशी जाऊ नये, आणि वास मारणारं किंवा पांढरट डाग पडलेलं पुस्तक दिसलं तर ते घरच्यांना दाखवून वेगळं ठेवायला सांगावं. एका पुस्तकाची बुरशी शेजारच्याला लागते. दम्याचा किंवा धुळीचा त्रास असेल तर ते पुस्तक उघडूही नये.

धुक्यात आणि पावसात वीजही जाते. दुपारी तीनलाच ओसरीवर अक्षर दिसेनासं होतं. पुस्तकाला चिमटा लावून बसवायचा छोटा दिवा, जाड मोजे आणि शाल एवढं पिशवीत असू द्यावं. मोबाइलच्या टॉर्चने वाचलं तर अर्ध्या तासात डोळेही थकतात आणि बॅटरीही.

स्ट्रॉबेरीबद्दल न लिहिणं शक्य नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि भिलार त्या पिकाच्या मुख्य गावांपैकी एक. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं लागतात, काळ्या मल्चिंग पेपरने झाकलेल्या गादीवाफ्यांवर, खाली ठिबकच्या नळ्या. फळ नोव्हेंबर-अखेरीपासून एप्रिलपर्यंत. स्ट्रॉबेरी तोडल्यावर आंब्यासारखी पिकत नाही, फक्त मऊ होते आणि नासते. म्हणून देठाकडे पांढरी राहिलेली फळं ‘घरी जाईपर्यंत पिकतील’ म्हणून घेऊ नयेत. पेटी घेताना वरचा थर न बघता तळाचा कागद बघावा. ओला दिसला तर खालची फळं दबलेली आहेत. देठाची हिरवी टोपी ताजी आणि ताठ असावी. धुवायची ती खाण्याच्या आधी, आणि टोपी काढण्याच्याही आधी, नाहीतर फळ पाणी पितं. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोजा, नाबिला अशी वाणांची नावं कानावर पडतील. लांबचा प्रवास असेल तर ‘कडक फळ द्या’ एवढं सांगितलं की शेतकरी बरोबर देतो. पुस्तकांच्या घरात पेटी उघडून खात बसणं मात्र टाळावं. त्या रसाचा डाग कागदावरून जात नाही. बालसाहित्याची पुस्तकं कुठल्याही वाचनालयात आधी फाटतात. इथे त्यांच्यावर गुलाबी बोटांचे ठसे उमटायलाही वेळ लागत नाही. मुलांना आधी खाऊ, मग साबणाने हात आणि मग पुस्तक, हा क्रम आईबापांनीच पाळायचा.

मुक्कामासाठी सल्ला एकच, पण महत्त्वाचा. ज्या प्रकारची पुस्तकं वाचायची आहेत ती ज्या घरात किंवा लॉजवर आहेत, तिथेच खोली घ्यावी. काही ठिकाणी राहण्याची आणि पुस्तकांची सोय एकाच छताखाली आहे. तसं जमलं तर रात्री जेवणानंतरचे दोन तास आणि सकाळी उन्हं येईपर्यंतचा एक तास हे वाचनाचे सगळ्यात चांगले तास हाती लागतात. पाचगणीच्या हॉटेलात उतरून दिवसा भिलारला येणाऱ्याला ते कधीच मिळत नाहीत. खोली ठरवताना चार गोष्टी विचाराव्यात: वाचायला पलंगाशी दिवा आहे का, गरम पाणी कुठल्या वेळेत, जेवण घरचं की बाहेरचं, आणि त्या दिवशी शेजारच्या खोल्यांत मोठा गट उतरतोय का. चौथा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि रात्री अकराला अंताक्षरी सुरू झाली की पस्तावतात. जेवण आधी सांगून ठेवावं लागतं. भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत, ठेचा असं साधं जेवण सांगितलं तर ते इथे चांगलं मिळतं. पनीरचे प्रकार मागितले तर मिळतीलही, पण तो त्या चुलीवर अन्याय होईल.

पोचायचं कसं? पुण्याहून पाचगणी साधारण शंभर किलोमीटर. खंबाटकी ओलांडल्यावर सुरूर फाट्याला महामार्ग सोडून उजवीकडे वाई, तिथून पसरणी घाट आणि पाचगणी. नाक्यावर प्रवासी कर द्यावा लागतो, सुटे पैसे वर काढून ठेवावेत. पाचगणीतून महाबळेश्वरच्या रस्त्याने पाच-सहा किलोमीटरवर भिलार. एसटीने येणाऱ्यांनी स्वारगेटहून महाबळेश्वरची गाडी धरून पाचगणीला उतरावं. पुढे वडाप (माणसं भरून नेणारी जीप) मिळालं तर उत्तम, नाहीतर टॅक्सी. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही आणि अंधार पडल्यावर भरवशाचं नाही, म्हणून परतीचं येतानाच ठरवून ठेवावं. कोकणातून येणाऱ्यांना पोलादपूरहून आंबेनळी घाट जवळचा, पण पावसाळ्यात तिथे दरडी येतात. त्या दिवसांत निघण्याआधी घाट चालू आहे का याची खात्री करून घ्यावी.

वाटेतली वाई पुस्तकवाल्याने घाईत ओलांडू नये. मेणवलीचा वाडा आणि ढोल्या गणपती सगळेच बघतात. पण वाई हे मराठी विश्वकोशाचंही गाव आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वीस खंडांचं हे काम इथून सुरू झालं. पहिला खंड १९७६चा. तर्कतीर्थ इथल्याच प्राज्ञपाठशाळेत घडले. महाराष्ट्राने आपला ज्ञानकोश पुणे-मुंबईला न नेता घाटाखालच्या या गावात रचला, ही गोष्ट भिलारच्या वीसेक किलोमीटर अलीकडे ठाऊक असलेली बरी. भिलारला कपाटात विश्वकोशाचा खंड दिसला तर कुठलीही एखादी नोंद पूर्ण वाचावी. दोन स्तंभांत एवढी माहिती बसवणारं मराठी गद्य कसं असतं ते कळतं.

पुस्तकं भेट द्यायची इच्छा अनेकांना होते आणि डिकीत खोकी भरून लोक येतात. आधी विचारावं. अभ्यासक्रमाची जुनी पुस्तकं, गाइडं, सुट्या मासिकांचे गठ्ठे आणि ज्याच्या दहा प्रती गावात आधीच आहेत असं लोकप्रिय पुस्तक, यांनी फक्त जागा अडते. दिलेलं पुस्तक तपासून, दाखल करून, योग्य घरात पोचवावं लागतं आणि ते काम करणारी माणसं मोजकीच असतात. घरात कसर लागलेली पुस्तकं तर कृपया कोणालाच देऊ नयेत. उपयोगी पडतात ती दुर्मीळ, सुस्थितीतली पुस्तकं, विशेषतः बंद पडलेल्या प्रकाशनांची, आणि दिवाळी अंकांचे सलग संच.

भिलारनंतर राज्याने हीच कल्पना आणखी गावांत नेली: वेरूळ, गोंदिया जिल्ह्यातलं नवेगाव बांध, सिंधुदुर्गातलं पोंभुर्ले आणि सांगली जिल्ह्यातलं अंकलखोप. पोंभुर्ले हे ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांचं गाव, देवगडच्या आंब्यांच्या वाटेवर आहे, म्हणून मेमध्ये जमण्यासारखं. भिलारला जोडून करायचं तर मात्र अंकलखोपच. तिथलं औदुंबर दत्तस्थान म्हणून प्रसिद्ध आहे, तसंच ते कवी सुधांशूंचं गाव, आणि दर संक्रांतीला तिथे साहित्य संमेलन भरतं. महाबळेश्वरला उगम पावून वाईवरून वाहणारी कृष्णाच पुढे औदुंबरच्या घाटाला लागते. जवळचं रेल्वे स्टेशन भिलवडी, पुणे-मिरज मार्गावर. संक्रांत गाठायची असेल तर आधी औदुंबर करावं आणि मग सातारामार्गे वर भिलारला यावं. उलट क्रमाने गेलं तर स्ट्रॉबेरीच्या पेट्या दोन दिवस गाडीत राहतात, आणि त्या तेवढ्या टिकत नाहीत.